काकांचे पाय आणि माझा दर

मी संशयी बाई आहे. हे कबुलीच्या सुरात सांगत नाही, कारण बरीच वर्षं मला त्याचा अभिमानच होता. रिक्षात बसण्याआधी मी वाकून मीटर बघते. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर टाकली की उरलेल्या भाजीत काय किडकं निघणार याचा विचार करत घरी येते. कुणी माझं फार कौतुक केलं, तर याला आता काय हवंय, हे पहिल्यांदा मनात येतं. आणि हा स्वभाव धंद्यात कामी येतो, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. माझा धंदाच वरून बऱ्या दिसणाऱ्या लाकडाचा आहे.

उपनगरांत गेल्या काही वर्षांत जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या पोहण्याच्या तलावाभोवती, क्लबहाउसपुढे, गच्चीवरच्या बागेत लाकडी डेक असतात. डेक म्हणजे फळ्यांची उघडी जमीन. बिल्डर ती फ्लॅट विकण्यापुरती बसवतो आणि आपल्या वाटेने जातो. चार पावसाळे झाले की फळ्या काळ्या पडतात, कडा उचलल्या जातात, स्क्रू डोकं वर काढतात, आणि कुणाच्या तरी नातवाच्या पायात लाकडाचं कुसळ घुसतं. मग कमिटीला जाग येते आणि मला फोन येतो. आम्ही डेक धुतो, घासतो, कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालतो, तेल पाजतो. बागेभोवतीची लाकडी कुंपणंही करतो. नवं काही बनवत नाही. आहे ते आणखी काही वर्षं टिकवून देतो.

त्याआधी मी अंधेरीला एका इंटिरियरवाल्यांकडे एस्टिमेट काढायचं काम चौदा वर्षं केलं. ती कंपनी बंद झाली तेव्हा मी मुलुंडला एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. कंपनीत पॉलिशची कामं ज्यांच्याकडे जायची, ते मिस्त्री माझ्याबरोबर आले. त्यांना मी काका म्हणते. ते मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः दहिसरला राहणारे. ते आधी मला म्याडम म्हणत. दोनेक वर्षांनी एकदा चुकून ‘बाय’ म्हणाले आणि मग तेच राहिलं. मला ते आवडलं होतं, पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आता दराबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टेप लावून डेकची लांबी-रुंदी कुणीही काढतं. स्क्वेअर फुटाला घासकाम किती, तेल किती, हेही बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. कुंपण रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, तेही सोपं. खरी अडचण कुजलेल्या फळ्यांची. वरून सगळ्या एकसारख्या दिसतात, आणि कुजणं सुरू होतं ते खालून. तुम्ही वीस फळ्या धरल्यात आणि काम उघडल्यावर पस्तीस निघाल्या, तर वरच्या पंधरा तुमच्या खिशातून जातात, कारण एकदा दर ठरला की कमिटी एक पैसा वाढवून देत नाही. भीतीने पन्नास धरल्यात तर दर चढतो आणि काम दुसऱ्याला जातं. त्या एका आकड्यावर आमचं महिन्याचं गणित उभं किंवा आडवं व्हायचं. तो आकडा काकांचे पाय काढून द्यायचे.

आम्ही साइट बघायला नेहमी भर दुपारी जायचो. काका चपला बाजूला काढून ठेवत, हात पाठीमागे बांधत आणि डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळी-फळीने चालत. लाकूड सुकं असेल तर उन्हात तापून चटका देतं. आत पाणी धरून बसलेली फळी मात्र पायाला गार लागते, म्हणजे शेजारणीपेक्षा थोडीशीच गार, पण काकांना तेवढं पुरे व्हायचं. कमिटीवाल्यांना वाटायचं, मिस्त्री जुन्या वळणाचे, मान राखून चपला काढतात. घाटकोपरला एका सेक्रेटरीने तर त्यांना मुद्दाम सरबत आणून दिलं. काका ते पिऊन परत चालू लागले. लिफ्टमध्ये शिरताना ते मला हळूच आकडा सांगत, आणि काम उघडल्यावर तो एका-दोन फळ्यांच्या फरकाने बरोबर निघे.

त्या आकड्यावर मग मी माझी भर घालायचे. माझ्या मते गिऱ्हाइकालाही दर असतो. ‘पैशाचा प्रश्न नाही’ असं म्हणणाऱ्याला मी थोडे वाढवून लावते, कारण प्रश्न तेवढाच असतो. ‘आपलीच माणसं आहात’ म्हणणाऱ्याला आणखी थोडे. कमिटीत एखादे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतील तर कोटेशनमध्ये स्क्रूसुद्धा वेगळे लिहिते, म्हणजे त्यांना खोडायला काहीतरी मिळतं आणि बाकीचं वाचतं. गाळ्यावर परतून चहा घेताना काका विचारत, किती लावलंस? मी सांगायचे. ते मान हलवत, किंवा ‘जास्त झाला’ म्हणत. असं नऊ वर्षं चाललं.

मग ओळीने तीन कामं गेली. पहिलं घाटकोपरचं, दुसरं कांदिवलीचं, तिसरं तर माझ्या घराजवळचं मुलुंडचं. तिन्ही एकाच माणसाला गेली. अंधेरीचा एक नवा कंत्राटदार होता, त्याची माणसं एकसारखे छापील टी-शर्ट घालून येत. तिन्ही वेळा त्याचा दर माझ्यापेक्षा स्क्वेअर फुटाला जेमतेम सात-आठ रुपयांनी खाली. पहिल्यांदा मी म्हटलं, असेल. दुसऱ्यांदा कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा मी गाळ्याचं शटर अर्धं ओढून एकटीच बसले आणि माझा दर कोणाकोणाला ठाऊक असतो याचा विचार करू लागले. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात मला शंका नव्हती.

ही तिन्ही कामं माझ्याकडे एकाच सल्लागाराने आणली होती. सोसायट्यांचे कागद तयार करायचे, कोटेशनं मागवायची, कमिटीला समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. माझ्या वडिलांच्या ऑफिसातले लोक असेच असायचे. तिसरं काम गेल्यावर त्यांनीच फोन करून माझी समजूत घातली. म्हणाले, मार्केट फार बिघडलंय म्याडम, तुम्ही दर्जा सोडू नका. मला बरं वाटलं. मी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवून पुन्हा काकांचा विचार करू लागले.

कारण काकांचं काहीतरी बदललं होतं. पूर्वी लिफ्टमध्ये मिळणारा आकडा आता मिळत नव्हता. ‘उद्या सांगतंय’ असं म्हणून ते विषय टाळत. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा येत आणि येताच आकडा सांगत. मुलुंडच्या त्या सोसायटीच्या वॉचमनने मला सहज सांगितलं की तुमचे मिस्त्री काल संध्याकाळी परत आले होते. मला न सांगता. फोन आला की ते गाळ्याबाहेर जाऊन बोलत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, आमच्याकडे फळ्या पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने त्यांना कांदिवलीच्या साइटवर पाहिलं. म्हणजे आमच्या हातून गेलेल्या कामावर, त्या टी-शर्टवाल्या माणसांशी गप्पा मारताना.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं?

मी त्यांना विचारलं मात्र नाही. विचारणारी माणसं वेगळी असतात. मी लक्ष ठेवणाऱ्यांतली. काका चहाचा कप कसा धरतात, माझ्या लॅपटॉपकडे बघतात का, हे मी बघायला लागले. ते एकदा म्हणाले की बरेच दिवसांत मोठं काम नाही, तर मला त्यात टोमणा दिसला. त्यांनी नव्या चपला घेतल्या, जाड तळाच्या, चांगल्यापैकी महाग. मी त्या चपलांकडे बघून मनात म्हटलं, वा.

एक जुनी गोष्टही मला तेव्हा आठवली, ती त्यांच्याविरुद्ध वापरायला. वर्षभरापूर्वी मी त्यांना मोबाइलवर एक यंत्र दाखवलं होतं. हातात मावेल एवढं, लाकडावर टेकवलं की आत किती ओल आहे ते आकड्यात दाखवणारं. काका हसले होते, म्हणाले होते, माझ्या पायात आसा ता मशीन. मीही हसून म्हटलं होतं, एक दिवस घेणार आहे बरं का काका, मग तुम्हाला सुट्टी. त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत ठेवला होता. आता मला वाटलं, तेव्हाच त्यांनी दुसरीकडे सोय बघायला सुरुवात केली असणार.

बोरिवलीचं काम आलं ते मे महिन्यात. नॅशनल पार्कच्या बाजूचा टॉवर, मोठा तलाव, भोवती सागाचा डेक आणि बागेला सगळीकडून लाकडी कुंपण. हे काम मिळालं असतं तर गाळ्याची पुढच्या वर्षाची चिंता मिटली असती. सल्लागार तेच होते. मी ठरवलं की या वेळी काकांची परीक्षा घ्यायची. कमिटीला एक दर पाठवायचा आणि काकांना त्याहून चाळीस रुपयांनी कमी सांगायचा. त्या अंधेरीवाल्याचा दर काकांना सांगितलेल्या आकड्याच्या खाली आला, तर चोर सापडला. मग काकांनी हिशोब घ्यावा आणि घरी बसावं. नऊ वर्षांचा माणूस काढायचा म्हणजे मला वाईट वाटतच होतं. पण त्याहून जास्त मला बरोबर ठरायचं होतं.

आणखी एक गोष्ट मी ठरवली. त्यांना दुसऱ्यांदा साइटवर जाऊ द्यायचं नाही. आकडा तिथल्या तिथे घ्यायचा.

आम्ही एकच्या सुमारास पोचलो. तलाव उन्हाळी साफसफाईसाठी रिकामा केलेला होता, आणि सगळीकडे चटचटतं ऊन. काकांनी चपला काढल्या. मी म्हटलं, काका, आज आकडा आत्ताच लागेल, संध्याकाळी कोटेशन जायचंय. ते म्हणाले, उद्या सकाळी दिलं तर? मी म्हटलं, नाही, आत्ता. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सापडले. मग ते चालू लागले.

मी एका छत्रीखाली खुर्ची ओढून बसले, पायात बूट, हातात पाण्याची बाटली. ते एकदा पूर्ण फेरी मारून आले. नेहमी तेवढ्यात काम व्हायचं. या वेळी ते पुन्हा पहिल्या फळीवर गेले. वाकून फटींत बघत होते, बोटांच्या गाठींनी ठोकत होते, एकेका फळीवर दोन्ही पाय रोवून उभे राहत होते. मध्येच डोळे मिटत होते. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, वेळ काढायचा आणि मला कंटाळवून उद्यावर ढकलायचं, अशी माझी खात्री झाली. म्हणून मीही हटले नाही. एकदा ते म्हणाले, बाय, जरा सावलीत बसतंय. मी म्हटलं, आधी आकडा द्या, मग बसू. ते परत डेकवर गेले.

पाऊण तास ते त्या डेकवर होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे एकसारखी बघत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, असा माझा अनुभव. काकांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, घामाशिवाय काही नाही. तेही मी त्यांच्याच नावावर मांडलं. किती मुरलेला माणूस आहे, असं म्हटलं मनात. शेवटी ते आले आणि म्हणाले, सत्तावीस. चपला घातल्या. लिफ्टमध्ये मी त्यांना खोटा दर सांगितला, तीनशे चाळीस. त्यांनी मान हलवली. ‘बरा हा’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी कमिटीला तीनशे ऐंशीचं कोटेशन नेहमीसारखं सल्लागारांमार्फत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला एक प्रकारचं समाधान वाटलं. पळाले, म्हटलं. अंधेरीवाल्याकडे गेले. मी गाळ्यातली त्यांची पेटी उघडून बघितली, काही नेलंय का ते. रंधा, पटाशा, पॉलिश पेपर, सगळं जागच्या जागी होतं. तळाशी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर होता, घासून सुईसारखा टोकदार केलेला. त्याचं पॉलिशच्या कामात काय काम, हे मला कळलं नाही आणि मी पेटी बंद केली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात पाकिटं उघडायची होती. कमिटीचे पाच जण, सल्लागार टेबलाच्या कडेला फाइल घेऊन. अंधेरीवाला स्वतः आला नव्हता, त्याचं पाकीट आलं होतं. सेक्रेटरींनी माझा दर वाचला, तीनशे ऐंशी. मग त्याचा. तीनशे बहात्तर.

मी तो आकडा मनातल्या मनात दोनदा उच्चारला. काकांनी सांगितलं असतं, तर तो तीनशे चाळीसच्या खाली आला असता. तीनशे ऐंशी हा आकडा काकांनी ऐकलाच नव्हता. तो फक्त या खोलीतल्या माणसांकडे गेला होता. आणि चारही सोसायट्यांत कमिटी वेगवेगळी होती, टेबलाच्या कडेला बसलेला माणूस मात्र दर वेळी तोच होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे फाइलची दोरी बांधत होते. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, बॅड लक म्याडम, अगदी थोडक्यात गेलं.

माझ्याकडे पुरावा नव्हता आणि भांडायची ताकद नव्हती. त्या माणसाचं काम मी नंतर कधी घेतलं नाही, एवढंच. पण त्या क्षणी माझं डोकं त्यांच्यावर फिरलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती. जगात कुणावरही विश्वास न ठेवणारी मी, आणि एका इस्त्रीच्या शर्टावर डोळे मिटून ठेवला होता. त्याच्यामागोमाग मनात आलं, मग काका कुठे आहेत?

बोरिवलीहून दहिसर काही लांब नाही. तरी नऊ वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. मोबाइलमध्ये पत्ता होता, तो दाखवत, विचारत नदीकडच्या चाळीत पोचले. दार काकींनी उघडलं. त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नात. त्या मला बघून रडायलाच लागल्या, पण आनंदाने. म्हणाल्या, मी ह्यांना म्हणत होते, बाई येईल, तिला कळवा, तर हे फोन घेऊ देत नाहीत.

काका कॉटवर होते. दोन्ही पाय उशीवर, घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्या.

काकींनी जे सांगितलं ते मी रडणं आणि मालवणी वगळून सांगते. काकांना साखरेचा आजार जुना. गेल्या वर्षापासून पायांची जाणीव जात चालली होती, आधी बोटं, मग तळवे. दिवाळीनंतर तर काहीच कळत नव्हतं, त्या जाड तळाच्या चपलाही डॉक्टरांनीच घ्यायला लावल्या होत्या. बोरिवलीहून घरी येऊन त्यांनी चपला काढल्या तेव्हा तळव्यांची कातडी चपलेला चिकटून आली. त्यांना तोवर पत्ता नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढं भाजेपर्यंत उभे कसे राहिलात? उजव्या पायाची दोन बोटं राहतील की काढावी लागतील, हे अजून नक्की नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी होते.

काकी बोलतच होत्या, कारण त्यांना वाटत होतं की मला बरंचसं ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या साइटवर संध्याकाळी आम्ही दोघं जायचो ना. बहुतेक वॉचमनना वाटायचं कुणाकडे पाहुणे आलेत. हे त्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने एकेक फळी फटीतून टोचून बघायचे, मऊ लागली की मला सांगायचे, मी वहीच्या पाठीमागे रेघ मारायची. दोनशे-दोनशे फळ्या. कंबर धरायची त्यांची. मग घरी येऊन मी रेघा मोजायची आणि तुम्हाला सकाळी आकडा. कांदिवलीला गेले होते ते त्या पोरांकडचं मशीन बघायला. कितीला मिळतं, कसं चालवायचं, सगळं विचारून आले. मग दुकानदाराला रोज फोन. असं म्हणत त्यांनी कपाटातून एक खोका काढला. पातळ प्लॅस्टिक अजून न फाडलेलं. बोरिवलीच्या दुसऱ्या दिवशी आला, म्हणाल्या, एक दिवस आधी आला असता तर. बटणांवर सगळं इंग्रजी आहे, तुम्ही त्यांना शिकवा.

मी खोका हातात घेतला. वर्षभरापूर्वी हसतहसत ‘मग तुम्हाला सुट्टी’ म्हटलं होतं, ते हेच यंत्र. काकांनी ते स्वतःच्या पैशाने विकत घेतलं होतं, मला न कळता वापरायला, म्हणजे मला वाटत राहावं की अजून त्यांचे पायच चालतात.

काकांनी काकींना चहा करायला पाठवलं. मग मला विचारलं, काम मिळालं का? मी नाही म्हटलं.

“ता बरा झाला,” ते म्हणाले. “तो आकडो खरो नाय. अंदाजान सांगलंय मी. पन्नास निघाले असते, तुझी वाट लागली असती.”

म्हणजे चार दिवस ते त्या पायांनिशी पडून याच काळजीत होते. मला रडू आलं. मी कॉटच्या कडेला बसले. मी त्यांना सगळं सांगणार होते, खोटा दर, छत्रीखालची खुर्ची, त्यांची उघडलेली पेटी. त्याऐवजी मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, काका, मला सांगायचंत ना. एवढं सगळं लपवून काय मिळवलंत? मी काय परकी होते?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोरिवलीला मी आकडा आत्ताच हवा म्हटलं तेव्हा बघितलं होतं तसं नाही. अगदी सरळ, दर विचारतात तसं.

“तुका सांगला असता, तर तू माका कामार ठेवला असतस?”

उत्तर सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं होतं, आणि मी म्हणणारच होते. पण त्याआधी माझं डोकं आपोआप चालू लागलं होतं. प्रत्येक साइटला दुसरी फेरी, म्हणजे एक दिवस वाया. यंत्र असेल तर ते धरायला पगारी मिस्त्री कशाला, कुणीही चालेल. साठीचा माणूस, साखर, उद्या साइटवर पडला तर जबाबदारी कोणाची. मी हे मुद्दाम केलं नाही. चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी आणि नऊ वर्षं स्वतःसाठी मी दुसरं काही केलेलंच नाही.

काका माझा चेहरा बघत होते. मी नेहमी दुसऱ्यांचा बघते तसा.

“हो,” मी म्हणाले. “ठेवलं असतं.”

काकांनी मान हलवली आणि उशीवर डोकं टेकलं. आतून काकींनी विचारलं, चहात साखर किती? काका डोळे मिटून म्हणाले, बायक दोन चमचे घाल, माका नको.